काच नसलेला मांजा

अमेरिकेतल्या त्या समुद्रकिनाऱ्यावर एका आजोबांनी माझ्या हातात दोरा दिला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यावरून बोट फिरवून पाहिलं. सवयच ती. येवल्यात वाढलेला कुठलाही पोरगा हेच करेल. दोरा हातात आला की आधी त्याची धार बघायची.

धार नव्हतीच. मेण लावलेला साधा, गुळगुळीत दोरा. मी दोनदा बोट फिरवलं. आजोबा हसले नि म्हणाले, "काच शोधतोयस ना? भारतातून आलेले सगळे हेच करतात."

जागा होती लाँग बीच, वॉशिंग्टन राज्य. सिअॅटलहून गाडीने तीनेक तास. दर ऑगस्टमध्ये इथे आठवडाभर आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. वाळूचा किनारा संपता संपत नाही, नि पॅसिफिकवरून येणारा वारा दुपारनंतर जोर धरतो. मी सिअॅटलला कोड लिहितो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की तिथे पतंगांच्या लढतींचीही स्पर्धा असते. तुमच्यासारखीच. 'तुमच्यासारखीच' हा शब्द ऐकूनच मी गेलो.

पण ती आमच्यासारखी नव्हती. कारण तिथे कुणी कुणाचा पतंग कापत नव्हतं.

* * *

आधी आमच्याकडचं सांगतो.

येवला म्हटलं की बाहेरच्यांना पैठणी आठवते. आम्हाला संक्रांत आठवते. भोगी, संक्रांत नि कर, असे तीन दिवस गाव गच्चीवर राहायला जातं. खाली हलकडी वाजत असते. हातात फिरकी नसते, लाकडी आसारी असते. पतंग कापला की 'वकाट' असा जो आवाज उठतो, तो तीन गल्ल्या पलीकडे जातो. पैठणीच्या व्यापारासाठी गुजराती मंडळी गावात आली नि त्यांच्याबरोबर पतंगाचं हे वेड आलं, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात.

मी लहान असताना मांजा सुती असायचा. भाताची खळ, रंग नि कुटलेली काच. दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्यावर हाताने लुगदी फिरवायची. बोटं चिरायची, पण त्याचंही कौतुक असायचं. मग मी इंजिनिअरिंगला गेलो, तोवर नायलॉन आला होता. पोरं त्याला चायनीज म्हणायची. स्वस्त, हलका, नि तुटता तुटत नाही असा. २०१७च्या संक्रांतीला मी त्याचे दोन रीळ घेऊन घरी गेलो. पेपरात बंदीच्या बातम्या येत होत्या. मी त्या वाचल्याही होत्या.

करीच्या दिवशी दुपारी माझा पतंग कापला गेला. आसारीजवळूनच दोरा गेला. तीन-चारशे फूट नायलॉन हवेत तरंगत घरांवरून निघून गेला. मी दुसरा पतंग लावला.

संध्याकाळी मामा मोटरसायकलवरून तिळगूळ द्यायला आमच्याकडे निघाला होता. रस्त्यावर आडवा आलेला दोरा त्याला दिसला नाही. गळ्यात मफलर होता म्हणून वाचला. हनुवटीखाली नऊ टाके पडले. दवाखान्यात आजी एकच वाक्य बोलत राहिली, "करीला घराबाहेर पडू नये म्हणतात ते काय उगीच?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष करीला गेला. माझे रीळ माळ्यावर गोणीखाली होते.

तो दोरा माझाच होता का? गावात त्या दिवशी हजारो पतंग उडत होते. कळायला मार्ग नाही. पण माझा नव्हता, असंही मला सांगता येत नाही. मामाला हे मी कधी सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल.

त्याच वर्षी, ११ जुलै २०१७ला राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन नि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. मी त्यानंतर पतंग उडवला नाही. लाँग बीचला दोरा हातात आला, तेव्हा मधे आठ वर्षं गेली होती.

* * *

तर तिथला खेळ असा.

दोघे खेळाडू शेजारी आखलेल्या जागेत उभे राहतात. पतंग आपल्यासारखेच: लहान, चौकोनी, बिनशेपटीचे. कागदाऐवजी पातळ प्लॅस्टिकची फिल्म. दोन्ही पतंग हवेत समान पातळीवर आले की पंच ओरडतो 'टॉप' किंवा 'बॉटम'. टॉप म्हटलं तर तुमच्या दोऱ्याने समोरच्याच्या दोऱ्याला वरून स्पर्श करायचा. बॉटम म्हटलं तर खालून. जो आधी नीट स्पर्श करेल त्याला गुण. मग पुन्हा पतंग वेगळे करायचे नि पुन्हा तेच.

ऐकताना मला हे मिळमिळीत वाटलं. बुद्धिबळात राजाला मारायचं नाही, नुसतं हात लावून परत यायचं, असं काहीतरी.

मग मी आजोबांशी पाच गुणांचा डाव खेळलो नि पाच-शून्य हरलो.

हरण्याचं कारण समजायला पतंग कसा चालतो ते पाहायला हवं. शेपटीचा पतंग स्थिर असतो, म्हणून लढायला निरुपयोगी. आपला लढाऊ पतंग मुद्दाम अस्थिर बनवलेला असतो. ढील दिली की तो सपाट होतो नि जागच्या जागी गरगर फिरू लागतो. खेचला की आडवी काडी वाऱ्याच्या दाबाने मागे वाकते, पतंगाला होडीसारखा आकार येतो, नि नाक ज्या दिशेला असेल त्या दिशेने तो सरळ सुटतो. म्हणजे एकाच दोऱ्यात सुकाणूही आहे नि इंजिनही. ढील देऊन नाक हव्या त्या दिशेला येईपर्यंत थांबायचं नि नेमक्या क्षणी खेचायचं. सगळी कला त्या थांबण्यात.

येवल्यात हे मला येत होतं असा माझा समज होता. खरं म्हणजे मला एवढंच येत होतं की कसाही करून दोरा दोऱ्यावर न्यायचा. पुढचं काम काच करायची. नायलॉन आल्यावर तर तेवढंही लागेना. इथे काच नव्हती. दोरा वरून आला की खालून, हे पंच बघत होता. माझा पतंग दर वेळी धडकायला जायचा नि आजोबांचा अलगद बाजूने येऊन दोऱ्याला टेकायचा.

* * *

दुपारी वारा फार वाढला नि लढती थांबल्या, तेव्हा मी गावातल्या जागतिक पतंग संग्रहालयात गेलो. तिथे आशियातले पतंग पाहिले नि डोक्यात एक प्रश्न बसला: पतंगांची लढत म्हणजे कापणं, हे ठरवलं कुणी? पुढचे काही आठवडे मी वाचत सुटलो.

थायलंडमध्ये कापत नाहीत. तिथे दोन प्रकारचे पतंग लढतात. 'चुला' हा पाच टोकांचा, मोठा, आकाराने ताऱ्यासारखा. 'पाकपाओ' हा लहान, चौकोनी, शेपटीवाला. चुलाच्या दोऱ्याला बांबूचे आकडे असतात, पाकपाओच्या दोऱ्याला फास असतो. चुलाने आकड्यात अडकवून पाकपाओला आपल्या हद्दीत ओढून आणायचं. पाकपाओने फास टाकून चुलाला खाली पाडायचं. बँकॉकच्या राजवाड्याशेजारच्या सनाम लुआंग मैदानावर हा खेळ राजांच्या समोर व्हायचा. म्हणजे पळवून आणणं हीच लढत.

जपानमध्ये नीगाता प्रांतात शिरोने नावाचं गाव आहे. तिथे जूनमध्ये नाकानोकुची नदीच्या दोन्ही काठांवरून घराएवढे पतंग उडवतात नि मुद्दाम नदीवर एकमेकांत गुंतवून पाण्यात पाडतात. मग खरी लढत सुरू होते ती दोरखंडाची. दोन्ही काठांची माणसं रस्सीखेच करतात, कुणाचा तरी दोरखंड तुटेपर्यंत. म्हणजे इथे पतंग हे फक्त निमित्त.

आणि त्याच जपानमध्ये नागासाकीचा 'हाता' आहे. तो पाहिला नि मी थबकलो, कारण तो थेट आपलाच पतंग आहे. तसाच चौकोनी, तसाच बिनशेपटीचा, नि त्याच्या दोऱ्याला काच. त्या काचेच्या दोऱ्याला तिथे 'बीदोरो योमा' म्हणतात. 'बीदोरो' हा शब्द काचेसाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. जपानने बाहेरच्या जगासाठी दारं बंद केली होती त्या काळात नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर डच व्यापाऱ्यांची वखार होती. डचांच्या जहाजांवरून दक्षिण आशियातले नि जावाकडचे नोकर-खलाशी येत. हा पतंग त्यांच्याबरोबर आला, असं मानलं जातं. हाताचे ठरलेले रंग लाल, पांढरा नि निळा, डच झेंड्याचे. कंपनीच्या वखारीत अडकलेला कुणीतरी खलाशी, घरापासून हजारो मैलांवर, काच कुटून दोऱ्याला लावतोय. सिअॅटलच्या फ्लॅटमध्ये बसून मला तो फार ओळखीचा वाटला.

म्हणजे काच ही पतंगाबरोबर जन्मलेली गोष्ट नाही. ती लढण्याची एक रीत आहे. आपण ती निवडली, काहींनी दुसरी निवडली.

आपल्याकडचा पतंगाचा एक फार जुना उल्लेख तर आपल्या नामदेवांचाच आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये, रामकली रागात, त्यांचं एक पद आहे. मुलगा कागद आणून पतंग करतो, आकाशात सोडतो, सवंगड्यांशी गप्पाही मारतो, पण चित्त त्याचं दोरीत असतं. पाण्याच्या घागरी घेऊन येणाऱ्या बायका हसतात-बोलतात, पण चित्त घागरीत, तसं. साधारण सातशे वर्षांपूर्वीचा हा शिंप्याघरचा संत. दोऱ्याबद्दल त्याला कळत असणारच. पदात लढत नाही, कापाकापी नाही. फक्त दोरी नि तिच्यात अडकलेलं लक्ष आहे.

आजोबा मला दिवसभर हेच तर शिकवत होते. "पतंगाकडे बघू नकोस, दोऱ्याकडे बघ," असं ते दर डावाला म्हणत होते.

* * *

यावरून कुणी असं समजू नये की अमेरिकेने शहाणपणा शिकवला नि आम्ही अडाणी. सुती मांजाच्या खेळात एक न्याय होता. तो कापायचा, तसाच तुटायचाही. झाडाला अडकला, कुणाला लागला, तर बहुतेक वेळा माणसाआधी दोरा हार मानायचा. जखमा तेव्हाही व्हायच्या, पक्षी तेव्हाही मरायचे, पण त्या धारेला एक मर्यादा होती. नायलॉनने ती मर्यादाच काढून टाकली. धार तशीच ठेवून तुटणं काढून घेतलं. आमच्या भाषेत सांगायचं तर फेल-सेफ काढून टाकला नि प्रॉडक्ट बाजारात आणलं. पाकिस्तानात लाहोरचा वसंत याच धारदार दोऱ्यांपायी वर्षानुवर्षं बंद राहिला. बंदी घालून दोरा संपत नाही, सण मात्र संपू शकतो, हे तिथे दिसलं. आपल्याकडेही बंदीनंतर दर जानेवारीत पेपरात गळ्याच्या बातम्या येतातच. विकत घेणारे माझ्यासारखेच असतात. बातमी वाचलेले.

दुसऱ्या दिवशी आजोबांशी पुन्हा खेळलो. पहिले तीन गुण त्यांचे. चौथ्याला पंच 'बॉटम' म्हणाला. मी ढील दिली. पतंगाने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, नाक खाली आलं, तरी मी थांबलो. मग खेचलं. दोरा त्यांच्या दोऱ्याच्या खालून वर आला नि टेकला. बोटाला अगदी बारीक थरथर जाणवली. काच असती तर ती जाणवलीच नसती, तोवर काहीतरी तुटलं असतं.

मी सवयीने 'वकाट' ओरडलो. दोन्ही पतंग हवेतच होते. आजोबांनी मान लववली नि पुढच्या गुणासाठी पतंग बाजूला नेला. डाव मी पाच-एक असा हरलो.

रात्री मामाला व्हिडिओ पाठवला. त्याने लगेच फोन लावला.

"कापला कुठं रे? मला तर दिसला नाही."

"कापायचाच नसतो, मामा. नुसता दोरा लावायचा."

"आणि पतंग?"

"दोघांचेही परत."

मामा थोडा वेळ गप्प होता. हनुवटी खाजवत असणार. जखमेची जागा अजून खाजते म्हणतो.

"मग पोरं पळणार कशामागं?" त्याने विचारलं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणी आमच्या घरी पतंगासाठी वेगळे पैसे नसायचे. माझे निम्मेअधिक पतंग लुटलेले असायचे. कुणाचा तरी कापलेला पतंग वाऱ्यावर हेलकावे खात यायचा नि आम्ही दहा पोरं काटेरी झुडपाची फांदी घेऊन त्याच्यामागे सुटायचो. कुणाचीच नसलेली ती वस्तू जो पकडेल त्याची व्हायची. लाँग बीचच्या किनाऱ्यावर सगळे पतंग ज्याचे त्याच्या पिशवीत परत गेले. एकही पोरगं कुठे पळालं नाही.

मी मामाला म्हटलं, "जानेवारीत येतोय, तेव्हा बघू." तो म्हणाला, "ये. पण करीच्या आधी ये."

मेण लावलेल्या दोऱ्याचं एक रीळ आजोबांनी मला निघताना दिलंय. ते बॅगेत ठेवलंय. सोबत सुती मांजाचं एकही नाही, नायलॉनचं तर नाहीच. गच्चीवरची पोरं मला हसतील, हे नक्की. पहिल्या पाच मिनिटांत माझा पतंग कापला जाईल, हेही नक्की. गेला तर गेला. खाली कुणीतरी पोरगं धावत असेलच.