स्टीम टेबल : वाफेचे आकडे मोजले कोणी?

आजचा भाग एका पातळशा पुस्तकाबद्दल आहे. त्यात गोष्ट नाही, नुसते आकडे आहेत. तुमच्यापैकी कोणी मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री केली असेल तर नाव घेताच ओळखाल : स्टीम टेबल. पेपरला हे पुस्तक हॉलमध्ये न्यायची परवानगी असते. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडायचा. हे आकडे पाठ करायचे नाहीत, दोन ओळींच्या सूत्रातून काढता येत नाहीत, मग आले कुठून?

सुरुवात ग्लासगोपासून करू. १७६३-६४ चा हिवाळा. जेम्स वॉट विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल आलं. हे मॉडेल वाफ इतकी खायचं की चार-सहा धक्क्यांत दम तोडायचं. वॉटने प्रयोग करून बघितलं, की वाफ थंड पाण्यात सोडली तर ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीला आणते. एवढी उष्णता वाफेत लपलीय कुठे? उत्तर त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅककडे होतं : अप्रकट उष्मा, आपण शाळेत शिकतो तोच.

आजचे आकडे सांगतो. एक किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७. म्हणजे पाचपटीहून जास्त! न्यूकोमेनच्या इंजिनात प्रत्येक धक्क्याला सिलिंडर गार व्हायचा, आणि ही महागडी वाफ तो परत तापवण्यातच खर्ची पडायची. वॉटने १७६५ मध्ये वाफ थंड करायला वेगळं भांडं काढलं, तोच कंडेन्सर. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

पण वॉटचा आकडा एका दाबाचा होता. दाब वाढला की पाणी उकळण्याचं तापमान वाढतं, अप्रकट उष्मा कमी होतो, वाफेची जागा आक्रसते. रेल्वे आली, बॉयलर मोठे झाले, आणि इंजिनिअर लोकांना प्रत्येक दाबाचे आकडे हवे झाले.

इथे येतो मला या गोष्टीत सगळ्यात जास्त भिडलेला माणूस : आँरी व्हिक्टर रेन्यो. लहानपणीच आईवडील गेले, पॅरिसमध्ये कापडाच्या दुकानात काम केलं, आणि तिथून तो प्राध्यापक झाला. फ्रेंच सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्याच्यावर काम सोपवलं, की वाफेच्या इंजिनाच्या हिशोबाला लागणारे आकडे एकदा नीट मोजून द्या. दाब मोजायला पाऱ्याचा उभा स्तंभ होता. एका वातावरणाच्या दाबाला ७६ सेंटिमीटर पारा, म्हणजे २० वातावरणांसाठी पंधरा मीटरहून उंच नळी! तो एकच मोजणी पुन्हा पुन्हा करायचा. १८४७ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल छापून आला, आणि पुढची कित्येक दशकं जगभरचे इंजिनिअर त्याच आकड्यांवर बॉयलर आणि इंजिनं बेतत राहिले.

नंतर तो पॅरिसजवळच्या सेव्हरला चिनीमातीच्या सरकारी कारखान्याचा संचालक झाला. १८७०-७१ च्या युद्धात तिथली त्याची उपकरणं आणि नोंदी नष्ट झाल्या. त्याच युद्धात, १९ जानेवारी १८७१ ला, त्याचा चित्रकार मुलगा आँरी मारला गेला. रेन्यो स्वतः गेला १८७८ मध्ये. तारीख होती १९ जानेवारी. प्रयोगशाळा राहिली नाही, पण १८४७ चा अहवाल छापलेला होता, म्हणून ते आकडे वाचले.

पुढे १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्सने टर्बाइन आणलं आणि प्रश्नच बदलला. आता नुसती उष्णता मोजून भागेना. वाफ वाहते कशी, हे बघायला हवं. हिशोब साधा आहे. एका किलो वाफेला जागा किती लागते आणि ती किती वेगाने जाते, यावरून वाट किती रुंद हवी ते ठरतं. १०० बार दाब, ५०० अंश तापमान असेल तर एक किलो वाफ सुमारे ३३ लिटरमध्ये मावते. (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) तीच वाफ काम करून कंडेन्सरपाशी ०.१ बारवर पोचते तेव्हा तिला बारा हजार लिटरच्या आसपास जागा लागते! म्हणून टर्बाइनची पहिली पाती बोटाएवढी आणि शेवटची माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारी असतात. जागेचा आकडा चुकला तर पाती चुकली.

१९०४ मध्ये ड्रेस्डेनच्या रिचर्ड मोलियरने हे सगळे आकडे एका आलेखावर मांडले. पट्टी लावा, टर्बाइनमधून किती काम मिळेल ते वाचा. पण पुढे देशोदेशीची टेबलं वेगवेगळी झाली. जर्मनीत मोलियरचं, ब्रिटनमध्ये कॅलेंडरचं, अमेरिकेत आणखी तिसरं. टर्बाइन विकताना कंपनी कार्यक्षमतेची हमी द्यायची. हमी पाळली गेली का, हे टेबलवरूनच ठरायचं. विकणाऱ्याचं टेबल एक आणि घेणाऱ्याचं दुसरं, तर भांडण ठरलेलंच. शिवाय दाब इतका चढला होता की त्या पट्ट्यात कोणाचीच मोजणी भरवशाची नव्हती.

मग १९२९ मध्ये लंडन, १९३० मध्ये बर्लिन आणि १९३४ मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी आपापल्या मोजण्या समोर ठेवल्या आणि एक सामाईक तक्ता ठरवला. त्यात मला आवडणारी गोष्ट ही, की प्रत्येक आकड्याशेजारी तो किती इकडेतिकडे असू शकतो, तेही छापलं. खात्रीचीसुद्धा मोजणी! या तक्त्यावर बेतलेलं कीनन आणि कीज यांचं १९३६ चं टेबल पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

आज हा हिशोब कॉम्प्युटर करतो. १९९७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय सूत्रसंचात नुसत्या द्रवरूप पाण्याच्या समीकरणालाच ३४ पदं आहेत. ही पदं कोणा सिद्धांतातून पडलेली नाहीत; मोजलेल्या आकड्यांवर ती बसवलीयत. नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॉटचे जे संच आहेत, ते सुपरक्रिटिकल. म्हणजे २२१ बारच्या वर, जिथे पाणी उकळतच नाही. द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. अशा ठिकाणी अंदाज चालत नाही, मोजलेलाच आकडा लागतो.

आता तुमच्या फोनवरही स्टीम टेबलची ॲप्स मिळतात. दाब टाका, तापमान टाका, क्षणात उत्तर. ते उत्तर बघाल तेव्हा पंधरा मीटर पाऱ्यासमोर उभा राहून तीच मोजणी परत करणारा रेन्यो एकदा आठवा.

तुमच्या कॉलेजचं स्टीम टेबल अजून घरात असेल तर त्याचा फोटो पाठवा, आणि आवडलेलं पान कुठलं तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.