आगगाड्यांचा क्लब आणि संगणक

अमेरिकेतील एम.आय.टी. या तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. छोट्या आगगाड्या, रूळ, बोगदे असाच त्याचा पसारा होता. काही सभासदांना डबे रंगवण्याची गोडी, तर काहींना टेबलाखालच्या तारांची. या दुसऱ्या मंडळींनी टेलिफोन केंद्रातले रिले जोडून गाड्यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा रचली. रिले म्हणजे विजेने चालू-बंद होणारी कळ. पहिल्या काही संगणकांत हेच रिले होते. त्यामुळे ही मुले संगणकाजवळ आधीच पोचली होती, असे आम्ही म्हणू.

अडचण होती ती शिरकावाची. संस्थेतील आय.बी.एम. ७०४ या मोठ्या संगणकाला विद्यार्थ्याने हात लावायचा नसे. छिद्रे पाडलेली कार्डे कर्मचाऱ्याकडे द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. १९५८ साली टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक संस्थेत आला. याच्यासमोर स्वतः बसून चूक तिथल्या तिथे सुधारता येई. क्लबचे जुने सभासद जॅक डेनिस तेव्हा संस्थेत शिकवू लागले होते. त्यांनी मुलांना तिथे येऊ दिले. शाळेतला संगणक कापडाखाली झाकून खोलीला कुलूप लावणारे मुख्याध्यापक आपण पाहिले आहेत. म्हणून डेनिस यांचे नाव आम्हांला मोलाचे वाटते.

१९६१ साली डीईसी कंपनीने पीडीपी-१ हा संगणक संस्थेला भेट दिला. त्यावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ करायचे ठरले. तो लिहिणार होता स्टीव्ह रसेल, पण तो टाळाटाळ करी. यान वळवायला साइन-कोसाइन काढणारी आज्ञावली हवी, ती आपल्याकडे नाही, ही त्याची सबब. ॲलन कोटॉकने ती कंपनीकडून कागदी फितीवर आणून त्याच्यापुढे ठेवली! १९६२ साली ‘स्पेसवॉर’ तयार झाला. डॅन एडवर्ड्‌सने मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण त्यात घातले. यानांना ते लागू होते, त्यांनी सोडलेल्या अस्त्रांना मात्र नाही, कारण तेवढी आकडेमोड वेळेत करणे यंत्राला झेपत नव्हते. नववीच्या वर्गात ही तडजोड जरूर सांगावी.

संगणकाच्याच कळा दाबून खेळताना कोपरे दुखत. तेव्हा कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे क्लबातल्या सुट्या भागांतून हातात धरायच्या नियंत्रकपेट्या बनवल्या. पुढे नवा पीडीपी-१ नीट चालतो की नाही हे तपासायला कंपनीचे लोक हाच खेळ लावू लागले.