म्हार्दोळची घंटा

फोंडे महालात प्रियोळच्या डोंगरउतारांखाली, कुळागरांच्या गर्द सावलीत म्हार्दोळ वसले आहे. या गावाचे नावदेखील परगावचे. मूळ म्हार्दोळ साष्टीतील वेर्णे येथे. १५६७ साली साष्टीतील देवालये पाडली गेली. त्या सुमारास श्रीम्हाळसा झुआरी ओलांडून आदिलशाही अंत्रुजात आली. घर सोडणारा भांडीकुंडी नेतो. या लोकांनी गावाचे नावच बरोबर आणले.

येथील घंटेची ख्याती निराळी. परंपरा अशी की, एरवी तिला लोलक नसे. कोणाची शपथ व्हावयाची असली तरच तो अडकवीत. ती वाजवून खोटे बोलणाऱ्यास देवी शासन करते, हा लोकांचा दृढ समज. १७६३ मध्ये फोंडे पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या न्यायालयांतही येथील साक्ष ग्राह्य मानीत, असे सांगतात. तसे असेल, तर ज्यांनी देऊळ पाडले त्यांनाच पुढे सत्यासाठी त्याच देवीच्या दारी यावे लागले! उलटतपासणीत आयुष्य वेचलेल्या मजसारख्या वकिलाला त्या घंटेचा हेवा वाटतो.

पावसाळ्यात येथे जाई बहरते. फुलकार मंडळी देवीला जायांची पूजा बांधतात, आणि त्या रात्री सारे देवालय फुलांनी भरून जाते.