गुंतागुंतीचा एक गुण

अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा शाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी असल्या, तरी त्यांतील इतिहास-निबंधाच्या मूल्यमापनाचा प्रश्न मुळात समीक्षेचा आहे. संहितेची गुणवत्ता तिच्या समग्रतेत असते की मोजता येणाऱ्या घटकांत, हा वाद तेथे गुणपत्रिकेच्या रूपाने अवतरतो.

अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत 1973 साली साधनाधारित प्रश्न आला. विद्यार्थ्यापुढे मूळ कागद ठेवायचे आणि त्यांतून त्याने युक्तिवाद उभा करायचा, अशी ही योजना. राजवाड्यांच्या ‘साधनां’शी परिचित असलेल्या मराठी वाचकाला तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुढे दीर्घकाळ अशा निबंधाला शून्य ते नऊ या श्रेणीत एकच समग्र गुण दिला जाई. त्यात परीक्षकाच्या अभिरुचीला वाव होता, तसा तिच्या लहरीलाही.

2015 च्या परीक्षेपासून ही समग्रता मोडली. साधनाधारित निबंधाचे सात गुण प्रतिपाद्य विधान, साधनांचे विश्लेषण, संदर्भचौकट आणि ‘संश्लेषण’ यांत विभागले गेले. संश्लेषण म्हणजे युक्तिवादाचा दुसऱ्या काळाशी, प्रदेशाशी वा ज्ञानशाखेशी जोडलेला संबंध. अशा मागणीतून बहुधा शेवटच्या परिच्छेदात चिकटवलेली तुलनाच निपजणार! 2017-18 पासून तो गुण वगळण्यात आला आणि आकलनाच्या ‘गुंतागुंती’ला एक गुण मिळू लागला. ही केवळ नावाची अदलाबदल नव्हती. संश्लेषण निबंधाबाहेर बोट दाखवत होते. गुंतागुंत मात्र युक्तिवादाच्या घडणीतच, विरोधी पुरावा पचवण्याच्या क्षमतेतच, शोधावी लागे.

म्हणूनच 2023-24 पासूनचा बदल अधिक विचार करायला लावतो. सातपैकी सहा साधनांऐवजी चार साधनांच्या आधारावर पुराव्याचे दोन गुण मिळू लागले. साधनचिकित्सा तीनऐवजी दोन साधनांची पुरेशी ठरली. हे सैलावणे समजण्याजोगे आहे. परंतु सातही साधनांचा परिणामकारक वापर केला, किंवा चार साधनांची चिकित्सा केली, तरी गुंतागुंतीचा गुण मिळू शकतो, असेही ठरले. म्हणजे जो गुण विचाराच्या जातीला होता, तो संख्येनेही कमावता येऊ लागला. ‘परिणामकारक’ हे विशेषण नियमात आहे, हे खरे. पण हजारो उत्तरे तपासताना विशेषणापेक्षा आकडा लवकर हाती लागतो.

याचा दुसरा पक्षही दुर्लक्षिण्यासारखा नाही. अलिखित अपेक्षा ज्या घरांत आणि शाळांत आपोआप उमगतात, तेथील विद्यार्थ्याला समग्र गुणदान सोयीचे असते. लिखित निकष इतरांनाही दार उघडून देतात. शिवाय या उत्तरांच्या तपासनिसांना तेथे ‘रीडर’ म्हणजे वाचकच म्हणतात. नमुना-उत्तरे वाचून, एकमेकांशी गुण ताडून, प्रत्यक्ष तपासणीपूर्वीच त्यांचे वाचन एकसारखे केले जाते. स्टॅन्ली फिशने 1976 मध्ये मांडलेला अर्थनिर्णायक वाचकसमूह येथे प्रशिक्षणाने घडवला जातो, आणि निकष बदलले की तोच समूह तशाच निबंधात वेगळा अर्थ वाचू लागतो.