वाहन उलटणे (भिलाई परिसरातील जुने ट्रक व उंच गाड्या)

वळण घेताना, कडेवरून घसरताना किंवा माल रिकामा करताना वाहन कुशीवर वा छतावर कलंडण्याचा अपघात. सुरत-धुळे-नागपूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ दुर्ग-भिलाईतून रायपूरकडे जातो. पोलाद कारखान्यामुळे (पहिली झोतभट्टी १९५९) या पट्ट्यात जड वाहतूक अखंड चालते.

चाकांमधील आडव्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की स्थैर्यगुणांक मिळतो; तो जितका कमी, तितक्या कमी आडव्या जोराने गाडी उलटते. साध्या मोटारीत तो साधारण १.३ ते १.५ असतो, उंच एसयूव्हीत १ ते १.३. उंच माल भरलेला ट्रक मात्र गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट आडव्या जोरानेही उलटू शकतो. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किमी वेगाला हा जोर सुमारे ०.२ असतो, ६० किमीला ०.४७. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोन पट होतो, आणि चालकाला हे अंगावर येईपर्यंत जाणवत नाही.

वय वाढले की पाटे बसतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी होतात, टायर गोटा होतात. मग गाडी झुकली की सावरत नाही. सैल बांधलेला माल वळणावर सरकतो, अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव एका कुशीला धावतो. डंपरचा धोका वेगळा : हौदा उचलल्यावर ओली राख किंवा मुरूम वरच्या टोकाला चिकटून राहिला आणि जमीन कलती असली, तर उभी गाडीही आडवी होते. एकट्या गाडीचे बहुतेक उलटणे नुसत्या वळणाने होत नाही. चाक मऊ कडेत रुतते, दगडाला अडते किंवा खड्ड्यात उतरते. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री भिलाईजवळच्या कुम्हारी येथे कामगारांची बस मुरमाच्या खाणीत कोसळून किमान १२ जण दगावले. अशा खाणीच्या कडेला भक्कम कठडा हवाच.

सर्वांत मोठी हानी मात्र मालवाहू गाडीत माणसे बसवल्याने होते. २० मे २०२४ रोजी कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. १९ जण गेले, बहुतेक स्त्रिया. हौद्यात दाटीने बसलेली माणसे गुरुत्वमध्य वर नेतात आणि गाडी कलंडताच बाहेर फेकली जातात. तिथे पट्टा नसतो, छतही नसते. गरीब मजुराला दुसरे वाहन मिळत नाही, म्हणून केवळ दंड वाढवून हे थांबणार नाही. हंगामात मजुरांसाठी बस सोडणे हा खरा उपाय आहे.

अमेरिकेत टायर फाटून फोर्ड एक्स्प्लोरर एसयूव्ही उलटण्याच्या प्रकरणानंतर २००० साली फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. पुढे तिथे २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण सक्तीचे झाले. घसरणाऱ्या गाडीचे एकेक चाक स्वतंत्रपणे रोखणारी ही यंत्रणा जुन्या गाडीत सहसा मागाहून बसवता येत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. वजनकाटा मात्र वजन मोजतो, मालाची उंची नाही. त्यामुळे वजन नियमात बसणारा, पण उंच रचलेला ट्रक वजनकाट्यावरून सुटतो.