घारापुरी : एका दिवसाच्या पाहुण्यांचें बेट

वाशीमच्या माणसाला समुद्र प्रथम भेटतो तो शाळेच्या भिंतीवरील नकाशांत. गांवाभोवतीं काळी जमीन, कापसाचीं व सोयाबीनचीं शेतें आणि उन्हाळ्यांत तळ गांठणाऱ्या विहिरी. पाण्याचा विस्तार पाहावयाचा तो पद्मतीर्थाच्या कांठीं उभें राहून. अशा गांवांतील एखादें कुटुंब दिवाळीच्या सुटींत अकोल्यावरून मुंबईस जातें, तेव्हां राणीची बाग आणि महालक्ष्मी यांच्या जोडीला आणखी एक दिवस हटकून राखून ठेवलेला असतो. तो दिवस घारापुरीचा. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांची शिदोरी बांधून मंडळी सकाळीं अपोलो बंदरावर उभी राहतात, आणि लाँच धक्क्यापासून सुटली कीं आजीबाई प्रथम त्या अथांग पाण्याला हात जोडतात.

सुमारें दहा किलोमीटरांचा हा प्रवास तासाभराचा आहे. बेटावर पांढऱ्या वाळूचा किनारा असेल अशी मुलांची कल्पना असते. ती मात्र फोल ठरते. ओहोटीला तेथें उघडा पडतो तो चिखल, आणि त्याच्या कडेला खारफुटीची दाट हिरवी झाडी. या चिखलामुळेंच बोटी लागण्यासाठीं लांबलचक धक्का बांधावा लागला. त्या धक्क्यावर धांवणारी चिमुकली आगगाडी मुलांचें सगळें दुःख हरण करते. पुढें शंभरावर पायऱ्या, दोहों बाजूंस माळा व टोप्यांचीं दुकानें, आणि शिदोरीवर डोळा ठेवून बसलेलीं माकडें. वऱ्हाडी ठेच्याची चव घेतलेलें माकड पुन्हां त्या डब्याच्या वाटेस जात नाहीं, एवढेंच त्यांतल्या त्यांत समाधान!

पण वाशीमकर घारापुरीस निव्वळ परका नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं खुद्द वाशीमला उजेडांत आला. याच कुळांतील हरिषेण राजा इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. त्याचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, आणि त्यांतील शिलालेखांत आपल्या धन्याचें वर्णन करून ठेविलें. हरिषेणामागें हें राज्य लवकरच ढांसळलें. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन पंडितानें अजिंठ्याच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें. त्याचें प्रतिपादन असें, कीं राजाच्या मृत्यूनें अजिंठ्याचें काम थांबलें, कारागीर पांगले आणि त्यांची विद्या पश्चिमेकडे कोंकणांतील लेण्यांत उतरली. घारापुरीचें मोठें लेणें सहाव्या शतकाच्या मध्याचें व कलचुरींच्या काळचें, असें बरेच विद्वान् मानतात. कलचुरी कृष्णराजाचीं नाणींही त्या बेटावर सांपडलीं आहेत. स्पिंकच्या सर्व तारखा सर्वांना मान्य नाहींत. तरी ज्या छिन्नीला वत्सगुल्माच्या राज्यांत वळण लागलें, तिचाच वारसा त्या त्रिमुख सदाशिवाच्या शांत मुद्रेंत उतरला असावा, हा तर्क वाशीमच्या माणसाला गोड वाटल्यास नवल नाहीं.

या बेटाला पाहुणे पुष्कळ आले, आणि बहुतेकांनीं जातांना कांहींतरी नेलें. १५३४ सालीं वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. किनाऱ्याजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनीं बेटाचें नांवच बदलून एलिफंटा केलें. लेण्यांतील एक शिलालेख त्यांनीं पोर्तुगालला पाठविला, असें त्यांचाच इतिहासकार दियोगु दु कोतु लिहितो. पुढें तो शिलालेख नाहींसा झाला, आणि हीं लेणीं कोणीं कोरविलीं हें सांगणारा साक्षीदारही त्याबरोबर गेला. या एका चोरीनें जेवढी हानि झाली, तेवढी शेंकडों पर्यटकांच्या गोंगाटानें झाली नसेल. हत्तीची मान १८१४ सालीं गळून पडली, आणि १८६४ सालीं त्याचे अवशेष मुंबईस हलविण्यांत आले. जोडून उभा केलेला तो हत्ती राणीच्या बागेंत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारीं पाहावयास मिळतो. १८७५ सालीं इंग्लंडचा युवराज आला, तेव्हां त्याच्यासाठीं थेट शिवाच्या लेण्यांत मेजवानीचीं पानें मांडलीं गेलीं!

दूरच्या कॅरिबियन समुद्राकडे या हौसेनें निराळें रूप घेतलें आहे. तेथें सहलीचीं जहाजें चालविणाऱ्या कंपन्यांनीं बेटेंच आपलींशीं केलीं. बहामातील ग्रेट स्टिरप के हें बेट १९७७ सालीं नॉर्वेजियन कंपनीनें विकत घेतलें. डिस्नेच्या जहाजांसाठीं कॅस्टअवे के १९९८ सालीं सजलें. सकाळीं जहाज लागावें, उतारूंनीं कंपनीच्या वाळूवर खेळावें, कंपनीचें अन्न खावें आणि सायंकाळीं परतावें. सोय उत्तम, पण अशा किनाऱ्यावर पाहुण्याला यजमान म्हणून भेटते ती कंपनी.

घारापुरीस यजमान आहेत. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या तीन वाड्यांतून ते राहतात. उरण तालुक्यांतील ही एक ग्रामपंचायत आहे. पाहुण्यानें तेथें रात्रीं राहावयाचें नाहीं, असा दंडक. म्हणून दिवसां येणाऱ्या हजारों मंडळींना या वाड्यांची रात्र कधीं दिसली नाहीं. १९८७ सालीं लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. समोर मुंबई रात्रभर लखलखत असे, आणि बेटावर डीझेलच्या यंत्रानें सायंकाळीं कांहीं तास मिणमिणता उजेड पडे, पुढें कंदील. समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून तेथें कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें. स्वातंत्र्याला तेव्हां सत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं.

१८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. शंभरांवर उतारू पाण्यांत फेंकले गेले. या अपघातांत पंधरा जीव गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटाची सक्ति झाली, आणि आजीबाईंच्या नऊवारीवर तें नारिंगी जाकीट चढूं लागलें. त्या आधीं कुरकुरतात, मग बंद घट्ट आहेत ना, हें मुलाकडून दोनदां पाहवून घेतात.

परतीच्या लाँचेंत बहुतेक मुलें झोंपीं जातात. जागें असलेलें एखादें मुंबईचा धक्का जवळ येईतों मागेंच पाहत राहतें. लेण्यांचा डोंगर काळोखांत गेलेला असतो. खालीं शेतबंदराच्या घरांतून दिवे लागलेले दिसतात.