दोष देवनागरीचा नव्हता

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात लिपीसुधारणेची जी चर्चा रंगली, तिच्या मुळाशी एक गृहीत होते. यंत्र आहे तसेच राहणार, तेव्हा बदलायचे ते लिपीने. देवनागरीत अक्षरे फार, मात्रा वर, उकार खाली, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि दुसरी नंतर, त्यात जोडाक्षरांचा पसारा. रोमन लिपीचा कारभार मात्र २६ अक्षरांत आटोपतो. म्हणून देवनागरी यंत्रयुगाला गैरसोयीची, असा निष्कर्ष भल्याभल्या विचारवंतांनी काढला आणि पुढच्या पिढ्यांनी तो तपासून न पाहता स्वीकारला. कळफलकाचा इतिहास नीट पाहिला तर हा निष्कर्ष टिकत नाही. गैरसोय होती ती यंत्राच्या एका विशिष्ट बनावटीची. ती बनावट बदलली त्या दिवशी देवनागरीविरुद्धची तक्रार निकाली निघायला हवी होती. ती निघाली नाही, कारण यंत्र बदलले तरी आपण सवय बदलली नाही, आणि त्या सवयीची किंमत मराठी अजून मोजते आहे.

मूळ यंत्र अमेरिकेतले. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर घडवलेला टाइपरायटर बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणला. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ च्या पुढच्या नमुन्यात शिफ्टची कळ आली आणि एकाच दांडीवर दोन अक्षरे बसू लागली. रचना सरळ होती: कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उसळते, दांडीच्या टोकाचा खिळा शाईच्या फितीवर आपटतो, फितीमागच्या कागदावर अक्षर उमटते आणि कॅरेज एक घर पुढे सरकते. एक कळ, एक ठोसा, एक अक्षर, एक घर. ही साखळी पोलादाची होती. तिच्यात मधे काही विचार करायला जागाच नव्हती. कळांची संख्या साधारण ४४ ते ४६, म्हणजे शिफ्ट धरून नव्वदीच्या आसपास खुणा. इंग्रजीसाठी एवढ्या पुरून उरतात. मराठीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, आकडे आणि विरामचिन्हे यांची गणती केली की जोडाक्षरे बाजूला ठेवूनसुद्धा त्या फलकावर दाटी होते.

या अडचणीतून ज्यांनी वाट काढली त्यांचे कौशल्य मोठे होते. देवनागरीतली कितीतरी अक्षरे उभ्या दंडावर संपतात. मग भ, ष, ध, ख अशा अक्षरांचा पूर्ण खिळा न देता त्यांचा अर्धा भागच द्यायचा आणि दंडासाठी कान्याची कळ वापरायची, अशी युक्ती रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी फलकात आहे. ‘भाषा’ हा शब्द टाइप करायचा तर अर्धा भ, काना, पुन्हा काना, अर्धा ष, काना, पुन्हा काना असे सहा ठोसे. पहिला काना भ पूर्ण करतो, दुसरा त्याचा भा करतो. काही कळा अशा की दाबल्या तरी कॅरेज जागची हलत नाही. त्यामुळे उकार आणि अनुस्वार अक्षराला चिकटून बसतात. पहिली वेलांटी कागदावर आधी दिसते, म्हणून बोटांनीही तीच आधी मारायची. ‘धर्म’मधला र उच्चारात म च्या आधी येतो, पण रफार म च्या डोक्यावर असतो म्हणून टंकलेखकाने तो म झाल्यावर मारायचा. म्हणजे मराठी बोलणाऱ्याने उच्चाराचा क्रम सोडून चित्र जुळवण्याचा क्रम शिकायचा. तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेल्या टायपिंग क्लासांमधून लाखो मुलामुलींनी हा क्रम बोटांत मुरवला, त्यावर कचेऱ्यांतल्या नोकऱ्या मिळवल्या आणि घरे उभी केली. १९५५ मध्ये गोदरेजने देशी बनावटीचा टाइपरायटर आणल्यावर हे यंत्र आणखी आवाक्यात आले. या सगळ्या कष्टांविषयी आदर ठेवूनच म्हणायला हवे की ही यंत्राच्या अडचणीशी केलेली तडजोड होती.

दुसरी तडजोड लिपीकडून मागितली गेली. सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र चिन्हांऐवजी अ ला वेलांट्या आणि उकार लावून अि, अी, अु, अू लिहावे, ही त्यातली सर्वांत गाजलेली सूचना. काका कालेलकरांनीही त्याच दिशेने नागरी सुधारणेचा पाठपुरावा केला, आणि त्या काळच्या काही पुस्तकांत व नियतकालिकांत ही अ ची बाराखडी छापलीही गेली. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने तर पहिली वेलांटीच अक्षराच्या उजवीकडे न्यावी आणि तिचा दंड आखूड करून ती दुसरीपासून वेगळी ओळखावी, असे ठरवले. वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच तो बदल मागे पडला. आज या मंडळींना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. छापखान्यात जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांच्या केसा होत्या, शिक्षणाचा प्रसार करायचा होता, आणि पोलादी दांड्यांखेरीज दुसरे यंत्र कुणाच्या नजरेत नव्हते. त्यांचा हेतू लोकांपर्यंत लिहिणे-वाचणे पोहोचवण्याचा होता. चुकले ते एवढेच की तात्पुरत्या यंत्राला त्यांनी कायमचे मानले.

यावर एक आक्षेप येतो. रेमिंग्टन फलकावर तरबेज टंकलेखक वेगाने काम करत, मग तो फलक वाईट कसा? शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांची आणि इंग्रजीत ४० शब्दांची अट असते, हे या संदर्भात दाखवले जाते. या दोन आकड्यांतला सगळा फरक यंत्राच्या माथी मारता येणार नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात, त्यामुळे शब्द लांबतो. तरबेज हातांना वेग मिळतो हेही खरे. पण वेग हा शिकून झालेल्यांचा प्रश्न आहे. शिकायला किती दिवस लागतात, आणि ज्याला टंकलेखक व्हायचे नाही अशा शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला ते जमते का, हा खरा निकष. त्या निकषावर चित्र जुळवणारा फलक नापास होतो. टाइपरायटरच्या काळात मराठी टाइप करणे हा एक धंदा राहिला. सर्वसाधारण माणसाचे लिहिण्याचे साधन ते झाले नाही.

संगणकाच्या कीबोर्डने ही पोलादी साखळीच तोडली, आणि गोष्टीचा खरा सांधा इथे आहे. कीबोर्डच्या कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार एकमेकींना टेकतात. आतली छोटी चिप सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी तपासत असते. कुठल्या छेदावर तारा टेकल्या हे तिला कळते. टेकताना संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, तेव्हा एका दाबाची चार अक्षरे उमटू नयेत म्हणून ती थरथर थांबेपर्यंत चिप वाट पाहते. मग ती संगणकाला फक्त एक क्रमांक पाठवते. कळेवर छापलेले अक्षर त्या क्रमांकात नसते. चिपला ते ठाऊकही नसते. शिफ्टसुद्धा आणखी एक क्रमांकच. या क्रमांकाचे अक्षर कुठले, हे संगणकातला तक्ता ठरवतो. ते अक्षर पडद्यावर कसे दिसावे, हे फाँट ठरवतो. ठोसा, अक्षर आणि आकार या तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. क, मग पाय मोडायची खूण, मग ष एवढे संगणकाला सांगितले की क्ष चा आकार घडवणे हे फाँटचे काम. जोडाक्षरांच्या ज्या पसाऱ्याची साठ-सत्तर वर्षे धास्ती होती, त्याचा फलकावरचा भार शून्य झाला.

ही संधी आपल्याकडे वेळीच ओळखली गेली, हे अभिमानाने सांगावे असे आहे. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्यासारख्या अभियंत्यांनी भारतीय लिप्यांसाठी संगणक तयार करण्याचे काम हाती घेतले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते जिस्ट या नावाने वाढले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा फलक प्रमाण म्हणून स्वीकारला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की या संकेतप्रणालीबरोबर त्याला मानकाचा दर्जा दिला. इनस्क्रिप्टची मांडणी आपल्या वर्णमालेवर उभी आहे. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. साध्या दाबाने वेलांटी, शिफ्टने तोच पूर्ण स्वर. क च्या कळेवर शिफ्टने ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. पहिलीत पाठ केलेला अल्पप्राण-महाप्राणांचा क्रमच बोटांखाली येतो. आणि टाइप करायचे ते उच्चाराच्या क्रमाने: ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी, ‘धर्म’मध्ये आधी र, मग त्याचा पाय मोडायचा, मग म. ‘भाषा’ला सहा ठोशांऐवजी चार वर्ण लागतात, जेवढे तोंडाने उच्चारले जातात तेवढेच. बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ यांनाही हीच मांडणी चालते, कारण त्यांच्या वर्णमालेचा सांगाडा एकच आहे. युनिकोड या संकेतप्रणालीतला देवनागरीचा विभागही इस्कीच्याच पायावर रचला गेला.

मग हा फलक घरोघर का पोहोचला नाही? त्याच सुमारास डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचा, धंदा वाढला. पत्रिका, पुस्तके, वर्तमानपत्रे भराभर हवी होती, आणि ती जुळवायला रेमिंग्टनवर हात बसलेली माणसे तयार होती. त्यांच्या सोयीसाठी संगणकावरही जुनाच फलक आणि जुनाच चित्र-क्रम ठेवला गेला. फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाने अर्धी अक्षरे आणि खुणा इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या मर्जीने बसवल्या. परिणाम असा की एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा बुजबुजाट दिसे. त्या वर्षांत तयार झालेली मराठी पुस्तके, शासकीय कागद, नियतकालिके यांचा किती मजकूर आज शोधता येत नाही, रूपांतर केल्याशिवाय वापरता येत नाही, याची खंत वाटते. टाइपरायटर कचेरीतून गेला, पण त्याची मांडणी संगणकाच्या आत शिरून बसली. हे तंत्रज्ञान अपुरे होते म्हणून झाले नाही. प्रमाण फलक हाताशी असताना तो कुणी शिकवला नाही म्हणून झाले.

त्यानंतर मोबाइल आला आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत सर्वदूर झाली. तिच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे, तो टाळून चालणार नाही. काही शिकावे लागत नाही, इंग्रजी फलक सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि या सोयीमुळेच असंख्य लोक पहिल्यांदा देवनागरीत लिहू लागले. हे ऋण मान्य करायलाच हवे. पण ‘काही शिकावे लागत नाही’ हे इंग्रजी शिकलेल्यापुरतेच खरे आहे. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकून शेतीला लागलेल्या बाईला आपल्याच भाषेतला शब्द लिहिण्यासाठी आधी परक्या लिपीत त्याचे स्पेलिंग ठरवावे लागते. शिवाय रोमनमध्ये आपले वर्ण मावत नाहीत. बी, ए, एल ही तीन अक्षरे टाइप करा: बाळ, बाल, बळ, बल यांपैकी काहीही निघू शकते. न-ण, ल-ळ, श-ष, ऱ्हस्व-दीर्घ यांचा निर्णय लिहिणारा घेत नाही. यंत्र सुचवते आणि घाईत आपण ते मान्य करतो. तोच शब्द पुढे यंत्राच्या साठ्यात जाऊन पुन्हा सुचवला जातो. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्वरचक्र हा मोबाइलचा फलक काढून दुसरी वाट दाखवली होती: व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती उमलते. शाळेत शिकलेली गोष्टच तिथे यंत्राची रीत झाली. आता बोलून लिहिता येते, मग फलक कशाला, असेही विचारले जाते. निरोपापुरते ते ठीक आहे. पण अर्ज, करार, कथा, प्रश्नपत्रिका या गोष्टी खोडत, शब्द बदलत लिहाव्या लागतात, आणि त्यासाठी हातच लागतो.

इनस्क्रिप्टमध्ये उणिवा नाहीत असे नाही. मराठीत ळ आणि ण जागोजागी येतात, तरी दोन्हींसाठी शिफ्ट दाबावी लागते. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य साधायचा तर शिफ्टसह र ची कळ माहीत हवी. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले आणि राज्य शासनाच्या वर्णमालेत २००९ मध्ये, म्हणजे मूळ फलक आखला गेला तेव्हा त्याचा विचारच नव्हता. पण या उणिवा तक्ता बदलून दूर होतात. पोलादी दांड्यांची मांडणी अशी सहज बदलता येत नव्हती, म्हणून लिपीला वाकायला सांगितले गेले. आज ती सबब उरलेली नाही. प्रमाण मराठी फलक विंडोज आणि लिनक्सवर आधीपासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पाचवी-सहावीच्या संगणकाच्या तासाला इंग्रजी टायपिंगबरोबर तो शिकवावा, एवढीच मागणी शिक्षण विभागाकडे आणि शाळांकडे आहे. आणि वाचकांना विनंती ही की घरच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या आणि रोज पाच-सहा ओळी त्यावर लिहा.